किल्ल्याचं कोठार आणि विमानाचा सुटा भाग

वाचकहो, मालेगावचा भुईकोट किल्ला आपण पाहिलाच असेल. मोसम नदीकाठी नारो शंकर राजेबहादूर यांनी तो अठराव्या शतकात बांधला. १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांनी त्याला वेढा घातला. आतल्या अरब शिबंदीने जवळजवळ महिनाभर दाद दिली नाही. जूनमध्ये नगरहून जादा तोफा आल्या, मारा वाढला आणि किल्ल्यातलं दारूचं कोठार उडालं. मग दोन-तीन दिवसांतच किल्ला पडला. माणसं शूर होती. पण कोठारच गेल्यावर शौर्य कुठवर पुरणार?

ही जुनी गोष्ट आज सांगण्याचं कारण आहे. मालेगावहून आग्रा रस्त्याने नाशिककडे निघालं, की वाटेत ओझर लागतं. १९६२ साली सोव्हिएत रशियाशी मिग विमानांचा करार झाला. त्यानुसार विमानाचा सांगाडा ओझरला, इंजिन ओरिसातल्या कोरापुटला आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणं हैदराबादला, अशी वाटणी झाली. १९६४ मध्ये ओझरचा कारखाना हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा भाग झाला. प्रथम मिग-२१ आणि पुढे १९८० च्या दशकात मिग-२७ तिथे तयार होऊ लागलं. याचं काम जमिनीवरच्या शत्रूवर खालून येऊन हल्ला करण्याचं. पंख मागे-पुढे सरकणारे, तोफ सहा नळ्यांची. आपल्या वायुदलाने त्याला नाव दिलं ‘बहादूर’. राजेबहादूरांच्या मुलखाशेजारी बहादूर जन्मावा, हा योगायोगच म्हणायचा! अशी सुमारे १६५ विमानं ओझरने बांधली.

आता विमान बांधलं म्हणजे काम संपलं का? यंत्रमागवाल्याला विचारा. धोटा तुटला की सगळा माग उभा राहतो, मजुराची रोजी बुडते. विमानाचंही तसंच, फक्त तिथे रोजीऐवजी वैमानिकाचा जीव पणाला असतो. विमानाच्या महत्त्वाच्या भागांचं आयुष्य उड्डाणाच्या तासांत मोजतात. तास भरले, की भाग धडधाकट दिसत असला तरी काढावा लागतो. रबराची वायसरं तर नुसती पडून राहिली तरी कडक होतात. म्हणून भाग सतत येत राहिले पाहिजेत.

इथेच घोडं अडलं. आराखडे आपल्याकडे होते, कारागीर होते. पण कित्येक खास धातू आणि भाग रशियाहूनच येत. १९९१ च्या डिसेंबरात सोव्हिएत संघ फुटला. कालचा एक देश पंधरा देशांत वाटला गेला, कारखाने निरनिराळ्या सरहद्दींत गेले, रुपयांतला जुना व्यवहार विस्कटला. रशियाने स्वतःच्या ताफ्यातून मिग-२७ काढून टाकलं. ज्यांना स्वतःलाच विमान नको, ते त्याचे भाग कशाला करत बसतील? अशा वेळी जगभर एकच तोडगा चालतो : एका विमानाचा भाग काढून दुसऱ्याला बसवायचा. एक उडतं, एक आंधळं होऊन पडतं.

तरीही हे विमान टिकवलं गेलं. १९९९ च्या कारगिल युद्धात ते लढलं. पुढे चाळीसेक विमानांत नवी उपकरणं बसवली. पण इंजिनाची काळजी संपली नाही. फेब्रुवारी २०१० मध्ये अपघातानंतर सारा ताफाच तपासणीसाठी जमिनीवर ठेवावा लागला. अखेर २७ डिसेंबर २०१९ रोजी जोधपूरला बहादूरने निरोप घेतला.

मग धडा संपला का? नाही. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी ओझरहून तिथेच बांधलेलं पहिलं तेजस विमान उडालं. अभिमानाची गोष्ट खरीच; पण त्याचं इंजिन अमेरिकेहून येतं, आणि इंजिनं वेळेवर न आल्याने तेजसची कामं रखडली आहेत.

गुरुजनहो, मुलांना किल्ला दाखवायला न्याल तेव्हा बुरूज दाखवाच. पण कोठार कुठे होतं, तेही विचारायला सांगा. आणि परतताना एखाद्या मागावर थांबून, धोटा कोण करतो, तेही विचारा.