दिनविशेष : ९ एप्रिल
रितेपणाची उपासनागीते लिहिणारा डच कवी

९ एप्रिल २०२३. ईस्टरचा रविवार. नेदरलँड्समधील चर्चमध्ये पुनरुत्थानाची गीते गायली जात होती. त्यातली कितीतरी ज्यांनी लिहिली, ते कवी ह्यूब ओस्टरहाउस त्याच दिवशी ॲमस्टरडॅममध्ये वारले. ते ८९ वर्षांचे होते.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर कॅथलिक उपासनेतली लॅटिन मागे पडली, पण तिच्या जागी डच भाषेत गायचे काय, हा प्रश्न होताच. ओस्टरहाउस तेव्हा तरुण जेझुइट धर्मगुरू होते. त्यांनी संगीतकार बर्नार्ड हॉइबर्स यांच्यासोबत गीते रचली, तीही गायकवृंदाने गावीत आणि लोकांनी ऐकावीत अशी नव्हे, तर बाकांवरच्या साध्या माणसांनी एकत्र गावीत अशी. पुढे जेझुइट संघाशी त्यांचे बिनसले आणि १९६९ मध्ये ते बाहेर पडले. लेखणी मात्र थांबली नाही.

गंमत अशी, की काही कॅथलिक धर्माधिकाऱ्यांना त्यांची गीते उपासनेत खटकत राहिली आणि प्रोटेस्टंटांनी मात्र २०१३ च्या नव्या गीतसंग्रहात ती आनंदाने घेतली. खटकण्याचे कारणही उघड आहे. त्यांच्या एका प्रसिद्ध गीतातला माणूस देवापुढे रितेपण आणि उणीव घेऊन उभा राहतो, स्तुती करण्याआधी प्रश्न विचारतो. चर्चला जाणाऱ्यांची संख्या झपाट्याने घटलेल्या देशात, श्रद्धा डळमळलेल्यांनाही अंत्यविधीच्या वेळी आजही हेच गीत हवे असते.