बैरूतचा हेर आणि भोकरदनची खबर

'आँखें' हा रामानंद सागर यांचा हेरपट १९६८ साली पडद्यावर आला. परतवाड्याच्या आम्हा पोरांना तो काही वर्षांनी दिसला, बहिरमच्या यात्रेतल्या टुरिंग टॉकीजमध्ये. ताडपत्रीचा तंबू आणि शेजारच्या राहुटीतून येणारा हंडीतल्या मटणाचा वास! धर्मेंद्र बैरूतला गेला तेव्हा आम्ही टाळ्या पिटल्या. पण तंबू खरा तापला तो ललिता पवार आल्यावर. नायकाच्या घरात आत्या म्हणून शिरलेली, आणि आतून शत्रूला सामील. मागून एक बाई ओरडली, "अव माय, हे आत्या नोहेच!"

मला विचाराल तर त्या चित्रपटात खरी हेरगिरी तेवढीच. बाकी पिस्तुले आणि परदेश हा नुसता थाट. हेर म्हणजे आपल्यात बसून ऐकणारा माणूस. पुढे आपल्या भागातल्या १८०३ च्या लढायांविषयी वाचू लागलो, तेव्हा ही आत्या हटकून आठवायची.

त्या काळी हे काम जासूद-हरकाऱ्यांचे. पायी जायचे, फौजेच्या बाजारात मिसळायचे, ऐकलेले ध्यानात ठेवून परत यायचे. इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली, जो पुढे वॉटर्लूवर गाजला, त्याने हरकाऱ्यांची वेगवेगळी पथके ठेवली होती. एकाची खबर दुसऱ्याशी ताडून पाहायची, हा हेतू. तरी व्हायचे ते झालेच. शिंदे-भोसल्यांच्या फौजा भोकरदनला आहेत, अशी खबर आली. वेलस्लीने भोकरदन गाव धरले. सांगणाऱ्यांच्या मनात होता परगणा. फौजा प्रत्यक्षात अलीकडेच, असईपाशी निघाल्या. २३ सप्टेंबर १८०३ ला, कर्नल स्टीव्हन्सनची फौज येऊन मिळण्याआधीच, वेलस्लीने लढाई पत्करली. जिंकला खरा, पण त्याची दीड हजारांवर माणसे ठार वा जखमी झाली. एका शब्दाचा अर्थ कळला नाही, त्याची ही किंमत!

डिसेंबरात हीच फौज आपल्या अचलपुरात आली. गाविलगड दक्षिणेकडून चढायला अवघड, म्हणून स्टीव्हन्सनला उत्तरेच्या अंगाने पाठवले. सुमारे ३० मैलांची डोंगरवाट, आणि माणसांनी ओढत नेलेल्या तोफा. अशी वाट आधी कोणी तरी पायाखाली घातल्याखेरीज सापडत नसते. १५ डिसेंबरला गड पडला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता मारला गेला. दोनच दिवसांनी देवगावला तह झाला आणि भोसल्यांचे वऱ्हाडावरचे हक्क गेले.

या मोहिमेत वेलस्लीबरोबर एक तरुण अधिकारी होता, माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. हरकाऱ्यांच्या खबरा त्याच्याही हाताखालून जात. पुढे १८१९ ते १८२७ तो मुंबईचा गव्हर्नर होता. त्याच्या नावाचे कॉलेज आजही आहे. त्या वेळच्या इंग्रजी पत्रांत खबर आणणाऱ्यांचा उल्लेख मात्र बहुधा नुसता 'हरकारे' असा, अनेकवचनी येतो.