आजीचे पाचशे आणि इसेचं कुत्रं

जपानवरून येताना काय आणायचं, हा प्रश्न तुम्ही बरेचदा विचारता. यादी देण्याआधी माझी एक फजिती सांगतो.

पहिल्यांदा ऑनसाइटला टोकियोला निघालो, तेव्हा आजीनं पाचशेची नोट हातात ठेवली. ‘तिथल्या देवाला माझ्याकडून वाहा.’ मी हो म्हटलं. तीन महिन्यांनी परतताना विमानतळावर ग्रीन टीच्या चॉकलेटचे चार डबे उचलले. घरी आल्यावर आजीचा पहिला प्रश्न : ‘कुठल्या देवाला वाहिलेस?’

नोट माझ्या पाकिटातच होती.

जपानीत प्रवासाहून आणलेल्या भेटीला ‘ओमियागे’ म्हणतात. तो शब्द ज्या चित्रलिपीत लिहितात, तिचा अर्थ होतो ‘मातीतलं पीक’, म्हणजे त्या त्या गावचा माल. पण ही प्रथा घराघरात रुजली ती एदो काळात, आणि त्यात इसेच्या यात्रेचा वाटा मोठा.

इसेला सूर्यदेवी अमातेरासूचं देवस्थान आहे. एदोहून, म्हणजे आजच्या टोकियोहून, तिथं चालत जायला साधारण पंधरा दिवस लागायचे. शेतकऱ्याला एवढा खर्च कुठून परवडणार? मग गावानं मिळून ‘को’ काढायचा. को म्हणजे आपली भिशीच की! सगळ्यांनी थोडे थोडे पैसे टाकायचे, चिठ्ठी काढायची, ज्याचं नाव निघेल त्यानं सगळ्यांच्या वतीनं जायचं. निघताना वाटखर्चीला वेगळे पैसेही मिळायचे, त्याला ‘सेम्बेत्सु’ म्हणतात. असा माणूस रिकाम्या हातानं परत कसा येईल? प्रत्येक घरासाठी देवाचा ताईत आणावाच लागे. बाकी वस्तूही हलक्याच, कारण ओझं स्वतःच्या पाठीवर. खाऊचे डबे पुढे आगगाडीनं आणले. जपानची पहिली रेल्वे 1872 ची.

1830 मध्ये तर काही महिन्यांत 40 लाखांहून जास्त लोक इसेला लोटले. आणि ज्यांना वय किंवा आजारपणामुळे जमायचं नाही, त्यातले काही जण चक्क कुत्रं पाठवायचे! गळ्यात मालकाचं नाव आणि पैशाची पिशवी. वाटेतले लोक त्याला खाऊ घालायचे, पुढच्या गावापर्यंत सोडायचे. हिरोशिगेच्या चित्रातही असं पांढरं कुत्रं यात्रेकरूंमध्ये दिसतं. त्याला म्हणतात ‘ओकागे इनु’, कृपेचं कुत्रं.

म्हणून माझं मत असं, की वस्तू जिथली आहे तिथूनच घ्या. दारुमा बाहुला ताकासाकीचा, लाकडी कोकेशी तोहोकूची. हात हलवणारं प्लॅस्टिकचं मांजर विमानतळावर ढिगानं मिळतं, ते राहू द्या.

दुसऱ्या फेरीत मी नागोयाहून गाडी पकडून इसेला गेलो. पाचशे रुपयांचे जेवढे येन होतात तेवढे वाहिले. देवळाबाहेरच्या जुन्या वळणाच्या बाजारात चिनी मातीचं एवढंसं ओकागे इनु मिळालं, गळ्यात दोरी बांधलेलं.

आजीला सगळी गोष्ट सांगितली. तिनं ते तळहातावर घेतलं, उलटंसुलटं करून पाहिलं.

‘हा एकटा गेला होता एवढ्या लांब?’

‘हो.’

‘आणि सांगितलेलं काम करून आला?’

‘हो, आजी.’

आजी माझ्याकडे बघून हसली आणि त्याला देवघराच्या फळीवर ठेवून आली.