दप्तरातील जवळच्या वाटा

वाटसरू जवळची वाट शोधतो, तसा कारकूनही शोधतो. दिवसातून शंभर वेळा लिहावयाचा शब्द पुरा न लिहिणे हा आळस नव्हे. तो कामाचा उरक होय. संगणकावर दोन-तीन कळा एकदम दाबून ठराविक मजकूर उमटविण्याची सोय आपण नवी समजतो. परंतु झाशीत नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी माणसाला तिचे पूर्वज शोधण्यास फार दूर जावे लागत नाही.

१७४२ साली नारो शंकर पेशव्यांच्या वतीने या मुलखाचा कारभार पाहू लागले. पुढे नेवाळकरांचे घराणे आले आणि १८५३ साली गंगाधरराव निवर्तले, तोवर येथे नांदले. भोवताली बोली बुंदेली होती. पण सुभेदाराचे पुण्याशी चाललेले लिहिणे मराठीत, मोडी लिपीत असे.

मोडी ही त्वरेचीच लिपी. आधी कागदावर आडवी रेघ ओढावयाची आणि तिच्याखाली अक्षराला अक्षर जोडीत जावयाचे. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, शब्दांमध्ये अंतर नाही. त्यातही नित्याच्या शब्दांचे पहिले अक्षर घेऊन पुढे दोन उभ्या रेघा दिल्या की काम झाले. राजश्रीचे ‘रा॥’ झाले, मुक्कामाचे ‘मु॥’, परगण्याचे ‘प॥’. मुसलमानी महिन्याच्या तिथीपूर्वी नुसता ‘छ’ लिहिला, की तो चंद्र समजावयाचा. ‘त॥’ म्हणजे कोठे तर्फ, तर कोठे तालुका. संदर्भ पाहून वाचणाऱ्याने ओळखावे.

आता प्रश्न असा, की या खुणांची किल्ली कोठे राहत असे? काही ग्रंथांत. यादवांचा प्रधान हेमाद्री याच्या नावाने चालत आलेल्या ‘मेस्तकां’त कोणास काय मायना लिहावा, याचे दंडक सांगितले आहेत. शिवछत्रपतींच्या काळी सिद्ध झालेल्या राजव्यवहारकोशाने फारसी संज्ञांना संस्कृत प्रतिशब्द दिले. परंतु खरी किल्ली होती ती माणसांच्या हाती. उमेदवार पोर जुन्या कारकुनाशेजारी बसे, नकला करी आणि डोळ्यांनी शिके. एक कारकून गेला तरी फडाची रीत मोडत नसे.

१८५४ साली संस्थान खालसा झाले. एप्रिल १८५८ मध्ये इंग्रजी फौज शहरात शिरली. तेव्हा राजवाड्यातील ग्रंथसंग्रहाची झालेली दुर्दशा गोडसे भटजींनी ‘माझा प्रवास’मध्ये नोंदविली आहे. जे पुण्यास पोहोचले ते तरले. पेशवे दप्तरातील निवडक कागद सरदेसाईंनी १९३० ते १९३४ या काळात पंचेचाळीस भागांत प्रसिद्ध केले. मात्र विसाव्या शतकाच्या मध्यानंतर मोडी शाळांतून गेली आणि उमेदवारांची ती परंपरा खुंटली. आज कागद आहे, शाईही टिकली आहे. वाचणारा मात्र शोधावा लागतो.

हे आठवण्याचे कारण अगदी लहान आहे. येथील एका कार्यालयात एका हुशार लिपिकाने सरकारी पत्राचा मायना, विषय-संदर्भाच्या ओळी आणि समारोप यांसाठी संगणकावर आपल्या सोयीच्या कळा ठरविल्या होत्या. त्याची बदली झाली, यंत्रही बदलले आणि त्या कळा नाहीशा झाल्या. नंतर आलेला गृहस्थ तोच मायना पुन्हा अक्षरशः टंकित बसला.

हा यंत्राचा दोष नव्हे. अशी योजना बहुधा त्या यंत्रावरील त्या व्यक्तीच्याच खात्यात साठविली जाते. ‘वर्ड’मध्ये ती नमुन्याच्या फाइलीत राहते, ती फाइल जपली तर योजनाही जपली जाते. ‘लिब्रेऑफिस’मध्ये कळांची रचना वेगळ्या फाइलीत उतरवून दुसऱ्या यंत्रावर चढविता येते. परंतु कोणत्या कळा कशासाठी, हे एका कागदावर लिहून पुढच्या माणसाच्या हाती दिले नाही, तर ती फाइलही न वाचलेल्या रुमालासारखीच पडून राहील. शिवाय सर्वांच्या ओळखीच्या कळेला आपला खाजगी अर्थ देणेही बरे नव्हे. मागून येणारा फसतो, आणि ‘त॥’प्रमाणे संदर्भ पाहून ओळखण्याची सोय त्याला नसते.

जवळची वाट पाडणाऱ्याचा वेळ वाचतो, हे खरे. परंतु दप्तर एका माणसाचे नसते. बदलीचा हुकूम येतो त्या दिवशी कपाटांच्या किल्ल्यांबरोबर ही किल्लीही मोजून द्यावी, एवढेच झाशीच्या त्या अनामिक कारकुनांचे आपल्यापाशी मागणे असेल.