तापमान आणि उष्णतेची जाणीव

पदार्थातील रेणूंच्या स्वैर गतीशी निगडित असलेली आणि उष्णता कोणीकडून कोणीकडे वाहील हे ठरवणारी राशी म्हणजे तापमान. केल्विन हे त्याचे एकक २०१९ पासून बोल्ट्समान स्थिरांकावरून निश्चित केले जाते.

त्वचा हा तापमापक नव्हे. तिला कळते ते स्वतःचे तापमान आणि त्यात होणारा बदल. रात्रभर एकाच खोलीत राहिलेला स्टीलचा तांब्या आणि लाकडी पाट यांचे तापमान सारखेच असते. तरी पहाटे तांब्या गार लागतो, कारण धातू हाताची उष्णता झपाट्याने ओढून घेतो. एकच पाणी एका हाताला ऊन आणि दुसऱ्याला गार लागू शकते, हे जॉन लॉकने १७व्या शतकातच नोंदवले होते.

मिरचीचे उदाहरण अधिक बोलके आहे. सुमारे ४३° से. वर जागा होणारा चेतातंतूंवरील ग्राही तिच्यातील कॅप्सेसिनमुळेही चेतवला जातो. तोंडाचे तापमान न वाढताच जीभ भाजल्यासारखी होते. या ग्राहीचा शोध लावणारे डेव्हिड ज्युलियस २०२१ च्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी होते.

दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून कोकणातील ३४° सुद्धा असह्य होतात. हवामान खाते सांगते ते सावलीतील हवेचे तापमान. दमटपणाचा हिशेब त्या आकड्यात नसतो.