बाल्टिमोरमधली खोली

धाकटा भाऊ आयर्लंडमध्ये कॉर्क शहरात नोकरीला आहे. यंदा मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही तिघं त्याच्याकडं जाणार आहोत: मी, माझे मिस्टर आणि दहावीची परीक्षा दिलेली मुलगी. "आपा, चार दिवस समुद्रावर राहू. राहायची जागा तूच निवड," असं म्हणून त्यानं सगळं माझ्या गळ्यात घातलं.

तिकडं समुद्रकाठी हॉटेलपेक्षा 'बेड अँड ब्रेकफास्ट' बरं पडतं, असं त्याचं म्हणणं. आपल्या कोकणातल्या 'निवास-न्याहारी'सारखाच प्रकार. राहत्या घरातल्या दोन-चार खोल्या पाहुण्यांना द्यायच्या आणि सकाळचा नाश्ता घरच्या बाईनं करून वाढायचा. आमची खरी अडचण तिथंच होती. आयरिश नाश्ता म्हणजे डुकराच्या मांसाचे तळलेले काप, सॉसेज आणि रक्त घालून केलेलं पुडिंग. तेव्हा पहिली अट अशी की घरमालकीण अंडी, ओट्सची लापशी, सोडा घालून भाजलेला पाव असं काही वेगळ्या तव्यावर करून देईल. दुसरी अट खोलीत मुसल्ला अंथरण्याएवढी मोकळी जागा असण्याची. आपण पश्चिमेला तोंड करून नमाज पढतो, तिथं किब्ला पूर्वेकडं, किंचित आग्नेयेला झुकलेला. मेच्या अखेरीस मगरीब रात्री साडेनऊच्या पुढं, मग इशा कधी आणि झोपायचं कधी, हा हिशेब मिस्टरांनी अजून मांडलेला नाही.

चाळता चाळता दोन घरं उरली. एक डब्लिनच्या उत्तरेला, ड्रॉहेडाजवळ बेटिस्टाउनच्या किनाऱ्यावर. दुसरं अगदी नैर्ऋत्य टोकाला, बाल्टिमोर नावाच्या गावात. अमेरिकेतलं नव्हे, कॉर्क जिल्ह्यातलं.

माझं मन आधी ड्रॉहेडाकडंच ओढलं, त्याला कारण आहे. ड्रॉहेडाची गोष्ट मी कितीतरी वर्षं सांगत आले आहे. शाळेत आणि मोहल्ल्यातल्या ईद-मिलनच्या कार्यक्रमांतही. ती अशी: १८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक रोगानं नासलं. गरिबाच्या ताटात बटाट्याशिवाय काही नव्हतं. सुमारे दहा लाख माणसं भुकेनं आणि तापानं मेली, तितकीच किंवा त्याहून जास्त देश सोडून गेली. त्या वेळी इस्तंबूलच्या सुलतान अब्दुल मजीदला दहा हजार पौंड पाठवायचे होते. पण राणी व्हिक्टोरियानं दोनच हजार दिलेले. राणीपेक्षा जास्त देणं बरं दिसणार नाही म्हणून त्याला हजारावर थांबवलं, तेव्हा त्यानं गुपचूप धान्यानं भरलेली तीन जहाजं ड्रॉहेडाच्या बंदरात पाठवली. उपकाराची आठवण म्हणून त्या गावानं आपल्या मानचिन्हात चांद-तारा घेतला.

टाळ्या हमखास पडायच्या.

घर निवडायच्या निमित्तानं मी हे पहिल्यांदाच नीट तपासलं. हजार पौंड दिले हे पक्कं. १८४७ सालची गोष्ट. आयर्लंडमधल्या प्रतिष्ठितांनी सुलतानाला पाठवलेलं आभाराचं पत्र आजही तुर्कस्तानात जपून ठेवलेलं आहे. दहा हजारांची कहाणी मात्र ऐकीव. तीन जहाजं सुलतानानं पाठवली याला अस्सल कागदाचा आधार नाही. आणि चांद-तारा? तो ड्रॉहेडाच्या चिन्हात दुष्काळाच्या कितीतरी शतकं आधीपासून आहे. तिथं उस्मानी तुर्कांचा काही संबंधच नाही. तरी गावात १९९५ साली तुर्कांच्या आभाराची पाटी लागली आणि २०१० साली आयर्लंडच्या राष्ट्राध्यक्ष मेरी मॅकअलीस यांनी तुर्कस्तानच्या दौऱ्यात जहाजांची गोष्ट सांगितली. म्हणजे फसणारी मी एकटी नाही. पण राष्ट्राध्यक्षांना माफ असेल, इतिहासाचे धडे शिकवणाऱ्या बाईला नाही. हजार पौंड ही काय कमी रक्कम होती? खरं दान हातात असताना त्याला तीन जहाजांचं शेपूट कशाला लावायचं, हे मला कधी सुचलंच नाही. आणि त्याच दुष्काळासाठी कलकत्त्यातून सुमारे १४ हजार पौंडांची वर्गणी गेली होती, मुंबईतही निधी जमला होता. गोऱ्या अधिकाऱ्यांनी आणि पलटणीतल्या आयरिश शिपायांनी दिलं, तसं हिंदी लोकांनीही दिलं. ती गोष्ट मी एकदाही सांगितलेली नाही.

मग बाल्टिमोर पाहिलं. भावाचा निरोप आला: "आपा, घर छान आहे, पण तिथं नको. गावातल्या पबचं नाव 'अल्जिअर्स इन' आहे. का, ते वाच."

वाचलं. २० जून १६३१ च्या पहाटे, अंधार असतानाच, अल्जिअर्सहून आलेले दोनशेहून जास्त हत्यारबंद लोक या गावात उतरले. खाडीकाठची घरं पेटवली आणि झोपेतल्या माणसांना ओढून जहाजांवर नेलं. शंभराहून जास्त. १०७ हा आकडा बहुतेक ठिकाणी येतो. त्यातली निम्म्याच्या आसपास लहान मुलं. बहुतेक कुटुंबं इंग्लंडहून येऊन वसलेल्या कोळ्यांची होती. थॉमस क्रुक नावाच्या इंग्रजानं तिथल्या ओड्रिस्कॉल सरदाराकडून जमीन भाड्यानं घेऊन ही वस्ती उभारली होती. धंदा पिलचर्डचा, म्हणजे आपल्या तारलीच्या भाऊबंदातल्या मासळीचा. ती खारवायची, दाबून पिंपांत भरायची आणि विकायची.

हल्ल्याचा म्होरक्या मुराद रईस. नाव वाचून छाती फुगेल, पण जन्मानं तो हॉलंडमधल्या हार्लेमचा यान यान्सझून. १६१८ मध्ये चाच्यांनी त्याला पकडलं, तो मुसलमान झाला आणि त्याच धंद्यात वर चढला. त्याला किन्सेल बंदर लुटायचं होतं असं म्हणतात. वाटेत पकडलेल्या डंगार्व्हनच्या जॉन हॅकेटनं ते सोडून बाल्टिमोरची वाट दाखवली. हॅकेटला पुढं फाशी झाली. पकडलेली माणसं अल्जिअर्सच्या बाजारात विकली गेली. फ्रेंच पाद्री पिएर दां यानं बाप एकीकडं, आई दुसरीकडं, मूल तिसरीकडं विकलं जाण्याचं वर्णन लिहून ठेवलं आहे. १५ वर्षांनी, १६४६ मध्ये, इंग्लंडच्या पार्लमेंटनं एडमंड केसन नावाच्या माणसाला खंडणी देऊन कैदी सोडवायला पाठवलं. त्यानं सुमारे अडीचशे सोडवले. त्यांत बाल्टिमोरच्या फक्त दोन बायका होत्या: एलन हॉकिन्स आणि जोन ब्रॉडब्रुक.

मुलगी शेजारी बसून वाचत होती. तिनं विचारलं, "अम्मी, ते आपले होते का?"

मी लगेच उत्तराची जुळवाजुळव सुरू केली. तो काळच तसा होता. माल्टा आणि लिव्होर्नोच्या बंदरांतही मुसलमान गुलाम वल्ही मारत होते. आपल्याच किनाऱ्यासमोर १५०२ मध्ये वास्को द गामानं हजहून परतणारं जहाज माणसांसकट जाळलं. म्होरक्या तर डच होता. वाट दाखवणारा आयरिश होता. हे सगळं खरंच आहे. पण पोरीनं हे विचारलं नव्हतं. हीच मुलगी लहानपणी माझ्या मांडीवर बसून तीन जहाजांची गोष्ट ऐकायची, तेव्हा सुलतान 'आपला' होता. तेव्हा मी म्हटलं नव्हतं की बेटा, तो तुर्क, आपला त्याचा काय संबंध. तो आपला, तर हाही आपलाच. अजान देणारे, रोजे धरणारे लोक होते ते, आणि मानेवरचं जोखड सोडवणं म्हणजेच गुलाम मुक्त करणं ही मोठी नेकी आहे, हे त्यांनीही कुरआनात वाचलंच असणार.

"हो, होते," एवढंच म्हटलं. ती गप्प झाली. मीही.

मग नकाशा उघडला. हल्ल्यानंतर बाल्टिमोरची उरलेली बरीच माणसं घाबरून आतल्या बाजूला, स्किबरीनला जाऊन राहिली. दोन्ही गावांमध्ये जेमतेम १३ किलोमीटर. आणि स्किबरीन म्हणजे १८४७ च्या दुष्काळात सगळ्यात भयंकर हाल झालेल्या गावांपैकी एक. तिथल्या अ‍ॅबीस्ट्रूरीच्या कब्रस्तानात हजारो माणसं कफनपेटीशिवाय एकाच जागी पुरली आहेत. ८ ते १० हजार असा अंदाज सांगतात. म्हणजे तारीफ करायला मी ज्या दुष्काळाची गोष्ट घेतली, त्याचं सगळ्यात मोठं दुःख ड्रॉहेडाला नाही, इकडं आहे. आणि जी गोष्ट मला लपवावीशी वाटली तीही इकडंच, गाडीनं पंधरा-वीस मिनिटांवर.

मी भावाला कळवलं, बाल्टिमोरच.

तो वैतागला. "घरमालकीण तुझी ओढणी बघून काय म्हणेल?" त्याची भीती मला कळते. परदेशात राहणाऱ्याला दर आठवड्याला कुठल्या ना कुठल्या मुसलमानानं केलेल्या गोष्टीचा जबाब द्यावा लागतो, त्यात आता चारशे वर्षांपूर्वीचा एक वाढला. पण गावानं ती आठवण पबच्या पाटीवर टांगून ठेवली आहे, तिच्यावर पाहुणे येतात, बिअर पितात. तिथं आमचंच येणं का अडावं?

शेवटी मीच त्या बाईंना पत्र लिहिलं. आम्ही भारतातलं मुस्लीम कुटुंब आहोत, डुकराचं काही चालत नाही, नाश्त्याला काय होईल? दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. अंडी, लापशी, घरचा पाव, आणि चालत असेल तर धुरावलेला बांगडा. तवा वेगळा ठेवीन. समोरच्या केप क्लिअर बेटावर बोट जाते, पण वारा असेल त्या दिवशी जाऊ नका. रेनकोट आणा, छत्री तिथं टिकत नाही.

मी लिहिलं, बांगडा चालेल. आम्ही बांगड्याचीच माणसं. तीन रात्रींचे पैसे भरले. एक दिवस स्किबरीनसाठी ठेवला आहे, फातिहा पढायला. मुलीनं तिच्या वहीत त्या दोन बायकांची नावं उतरवून घेतली आहेत. ती कुठं कोरलेली दिसतात का, ते बघणार म्हणते.