८१,९२० मण्यांपासून एका पट्टीपर्यंत: यंत्राची स्मृती कोणी वाढवायची?

१/
इतिहास म्हटला की डोळ्यांसमोर गड, बखरी आणि ताम्रपट उभे राहतात. आजचा धागा मात्र बोटभर लांबीच्या एका हिरव्या पट्टीविषयी आहे. संगणकाच्या स्मृतीची, म्हणजे रॅमची ही पट्टी मी नुकतीच कर्जतच्या घरी एका जुन्या गेमिंग लॅपटॉपमध्ये बसवली. त्या निमित्ताने प्रश्न पडला: यंत्राची स्मृती वाढवण्याचा अधिकार पूर्वी कोणाकडे होता, आणि आज कोणाकडे आहे?

२/
लॅपटॉप मामेभावाचा, २०१७ सालचा. त्याचे खेळ मागे पडले आणि यंत्र माझ्या वाट्याला आले. माझा प्रबंध खर्ड्याच्या १७९५ च्या मोहिमेतील रसदेच्या हिशेबांवर आहे. मोडी कागदांची शेकडो छायाचित्रे जमली होती, पण दोन कागद शेजारी उघडून ताडून पाहू लागले की यंत्र थिजत असे. प्रबंध सादर करायला सहा आठवडे उरले होते. एका दुकानात सल्ला मिळाला, "हा भंगारात काढा, नवा घ्या." नव्यासाठी पैसे नव्हते.

३/
यंत्र थिजते म्हणजे नेमके काय होते? दप्तरखान्यात रुमालांत बांधलेले कागद फडताळात असतात; वाचण्यासाठी ते मेजावर उघडावे लागतात. फडताळ म्हणजे हार्ड डिस्क, मेज म्हणजे रॅम. मेज भरले की संगणक काही कागद परत फडताळात ठेवतो आणि गरज पडताच पुन्हा काढतो. आमच्या यंत्राचा सारा वेळ या ये-जा करण्यात जात होता. दोष त्याच्या बुद्धीचा नव्हता. मेज लहान होते.

४/
आता मुंबईला जाऊ. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली भारतीय बनावटीचा संगणक उभा राहिला आणि १९६० मध्ये कार्यान्वित झाला. १९६२ मध्ये पंतप्रधान नेहरूंनी त्याला 'टिफ्रॅक' हे नाव दिले. सुमारे २,७०० निर्वात नळ्यांच्या या यंत्राची स्मृती होती २,०४८ शब्दांची, प्रत्येक शब्द ४० बिटांचा. गुणाकार केला की ८१,९२० बिट होतात. आजच्या हिशेबात केवळ १० किलोबाइट!

५/
ही स्मृती फेराइटच्या बारीक कड्यांची होती. तारांच्या जाळीत मण्यांसारखी कडी ओवलेली असत. एक मणी म्हणजे एक बिट. मणी एका दिशेने चुंबकित झाला तर शून्य, उलट दिशेने झाला तर एक. वीज गेली तरी नोंद टिकत असे. मात्र वाचताना नोंद पुसली जाई, म्हणून प्रत्येक वाचनानंतर ती पुन्हा लिहावी लागे.

६/
गणितांची भूक वाढत गेली. १९६४ मध्ये त्याच संस्थेत सीडीसी ३६०० हा अमेरिकी संगणक आला आणि देशभरातील संशोधक त्याचा उपयोग करू लागले. त्या काळी स्मृती वाढवणे ही संस्थांच्या आणि सरकारांच्या पातळीवरची बाब होती. एकट्या विद्यार्थ्याने तसा विचारही करणे शक्य नव्हते.

७/
हे चित्र पालटण्यास एक साधी कल्पना कारण झाली. आयबीएमचे रॉबर्ट डेनार्ड यांना १९६६ मध्ये सुचले की एक ट्रान्झिस्टर आणि विद्युतभार साठवणारा एक कपॅसिटर एवढ्यात एक बिट ठेवता येईल. १९६८ मध्ये त्यांना पेटंट मिळाले. १९७० मध्ये इंटेलने १,०२४ बिटांची ११०३ ही डीरॅम चिप बाजारात आणली आणि पुढील काही वर्षांत फेराइटचे मणी मागे पडले.

८/
या नव्या स्मृतीत एक उणीव होती, आजही आहे. कपॅसिटरमधला भार सतत गळतो, म्हणून सर्वसाधारणपणे दर ६४ मिलिसेकंदांत प्रत्येक नोंद नव्याने गिरवावी लागते. जीर्ण होणारी पोथी नकलून जिवंत ठेवणाऱ्या लेखकांची आठवण व्हावी, असेच हे काम. वीज गेली की नकल थांबते आणि सारे विस्मृतीत जाते.

९/
तरीही सामान्य माणसाच्या हाती अधिकार आला तो चिपमुळे नव्हे, तर खाचेमुळे. पुढे अनेक चिपा एका लहान पट्टीवर बसवून ती खाचेत खोवण्याची रचना आली. पट्टी काढा, मोठी बसवा, यंत्र तेच राहते. लॅपटॉपमधील आजची पट्टी त्याच वंशातली.

१०/
मी आधी टास्क मॅनेजर उघडून पाहिले. रॅम ८ जीबी, खाचा दोन, त्यांपैकी वापरात एक. पट्टी डीडीआर४ जातीची, २४०० वेगाची. ही तपासणी फार महत्त्वाची. डीडीआर३ ची पट्टी डीडीआर४ च्या खाचेत बसत नाही. टोके २०४ ऐवजी २६०, कापही वेगळ्या जागी. दोन पट्ट्यांचे वेग वेगळे असतील तर दोन्ही कमी वेगाने चालतात. शिवाय यंत्र कमाल किती रॅम स्वीकारते, हे निर्मात्याच्या माहितीपत्रकात पाहून घ्यावे.

११/
मग तसलीच ८ जीबीची पट्टी आणली. चार्जर काढला, झाकण उघडून बॅटरीची जोडणी सोडवली, अंगातील स्थिर वीज जावी म्हणून धातूला हात लावला. पट्टी तिरपी खोवून खाली दाबली. बटण दाबले, पण पडदा काळाच! मामेभाऊ म्हणाला, "ताई, गेला बहुतेक." पोटात गोळा आला. पुन्हा उघडले, एका बाजूची पकड नीट लागलीच नव्हती. या वेळी दोन्ही बाजूंनी 'टक्' ऐकू आले. काही क्षणांनी पडद्यावर अक्षरे उमटली: १६ जीबी.

१२/
त्या एका नव्या पट्टीत सुमारे ८ लाख ३८ हजार टिफ्रॅकची स्मृती मावते. आता मोडीचे चार कागद शेजारीशेजारी उघडतात आणि प्रबंध पुढे सरकतो आहे. दोन सारख्या पट्ट्यांमुळे माहितीला दोन वाटा मिळतात, त्याचा लाभ खेळांनाही होतो. मात्र रॅम हा सर्व दुखण्यांवरचा उतारा नाही. ग्राफिक्स कार्डच दुबळे असेल तर खेळ सुधारणार नाही. हार्ड डिस्क जुनी असेल तर आधी एसएसडी बसवणे अधिक शहाणपणाचे.

१३/
आज अनेक पातळ लॅपटॉपांत रॅम मदरबोर्डला डाखलेली असते, खाच नसतेच. यामागे तांत्रिक कारणे आहेत: अंतर कमी, वीज कमी, जाडी कमी. पण त्यामुळे खरेदीच्या दिवशी जेवढी स्मृती घेतली, तेवढीच आयुष्यभर. जुने गेमिंग लॅपटॉप जाड आणि बोजड खरे, पण त्यांच्या पोटात बहुधा दोन खाचा असतात.

१४/
ही गोष्ट इथे संपत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये कॅम२ हे मानक प्रसिद्ध झाले. पातळ यंत्रातही बदलता येणारी रॅम हा त्याचा हेतू. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तालुक्याच्या गावी शिकणाऱ्यासाठी हा प्रश्न तात्त्विक नाही. एका खाचेमुळे माझे काम वाचले.

१५/
म्हणून घरातले जुने यंत्र भंगारात देण्यापूर्वी एकदा त्याचे झाकण उघडून पाहा. एखादी खाच रिकामी असेल.